दातांवरील अदृश्य कवच
लाळेतील प्रथिनांचे कार्य आणि किरणोपचारापूर्वीची एक आवश्यक तपासणी

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, शस्त्रक्रियांची संख्या आणि नव्या उपकरणांची यादी असणे स्वाभाविक आहे. परंतु ज्यांच्या औदार्यावर असे कार्य उभे राहते ते देणगीदार, ज्यांच्या निर्णयांवर ते चालते ते विश्वस्त आणि ज्यांच्या घरात आजारपणाची झळ प्रत्यक्ष पोहोचलेली असते ते नातेवाईक या सर्वांना शरीरातील एखाद्या कार्याची शास्त्रीय माहिती सोप्या शब्दांत मिळावी, हाही अहवालाचा एक हेतू असतो. या लेखासाठी निवडलेला विषय वरवर पाहता अगदी क्षुल्लक वाटेल. तो आहे तोंडातील लाळ. मात्र जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांसाठी हा विषय क्षुल्लक राहत नाही. का, ते लेखाच्या उत्तरार्धात स्पष्ट होईल.

दंतवल्काची मर्यादा

दाताच्या बाहेरील पांढऱ्या, चकचकीत थराला दंतवल्क किंवा इनॅमल असे म्हणतात. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असून हे खनिज मुख्यत्वे कॅल्शियम व फॉस्फेट यांचे बनलेले असते. हाड मोडले तर ते जुळून येते, कातडी फाटली तर जखम भरते. दंतवल्काला मात्र ही देणगी लाभलेली नाही. ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच नाहीशा होतात. त्यामुळे एकदा झिजलेले वा किडलेले दंतवल्क शरीराला पुन्हा नव्याने तयार करता येत नाही.

कठीण असूनही हा पदार्थ आम्लापुढे दुबळा ठरतो. गोड वा पिठूळ पदार्थांवर तोंडातील जंतू आम्ल तयार करतात. तोंडातील आम्लता मोजण्याच्या पीएच या मापनात आकडा जितका कमी, तितकी आम्लता अधिक. हा आकडा साधारण ५.५ च्या खाली घसरला की दंतवल्कातील खनिज विरघळू लागते. दिवसातून अनेकदा असे घडत असूनही बहुतेकांचे दात वर्षानुवर्षे टिकतात. ज्याच्या अंगी स्वतःची डागडुजी करण्याची शक्ती नाही, अशा दाताचे रक्षण कोण करते, या प्रश्नाचे उत्तर लाळेत आहे.

लाळ म्हणजे नुसते पाणी नव्हे

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या तोंडात दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. कानासमोर, जबड्याखाली आणि जिभेखाली असलेल्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या आणि ओठ, गाल, टाळू यांतील शेकडो बारीक ग्रंथी हे काम अहोरात्र करीत असतात. गाढ झोपेत मात्र हा स्राव जवळजवळ थांबतो.

लाळेचा ९९ टक्के भाग पाण्याचा असतो, परंतु खरी किमया उरलेल्या एका टक्क्यात आहे. त्यात आम्लाचा जोर मोडणारे बायकार्बोनेट, दंतवल्काची डागडुजी करणारे कॅल्शियम व फॉस्फेट आणि शेकडो प्रकारची प्रथिने असतात. लाळेत कॅल्शियम व फॉस्फेट इतक्या भरपूर प्रमाणात विरघळलेले असते, की साध्या पाण्यात ते तसे टिकले नसते. त्याचे खडे बनून ते तळाशी बसले असते. तसे होऊ नये म्हणून लाळेत स्टॅथेरिन नावाचे एक छोटे प्रथिन असते. केवळ ४३ अमिनो आम्लांच्या या साखळीची संपूर्ण रचना श्लेसिंजर व हे या संशोधकांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. प्रोलीन या अमिनो आम्लाने समृद्ध असलेली आणखी काही प्रथिने त्याच्या मदतीला असतात. खनिज विरघळलेल्या अवस्थेत राखून ठेवायचे आणि दाताला गरज भासेल तेथे ते उपलब्ध करून द्यायचे, असे हे काम आहे. एखाद्या दक्ष कोठारपालाने धान्य नासू न देता सांभाळावे आणि मागणी येताच मोजून द्यावे, तसेच हे.

कवच कसे तयार होते

दात स्वच्छ घासल्यावर त्यांवरून जीभ फिरवून पाहावी. क्षणभर दात काहीसे कोरडे, खरखरीत लागतात. थोड्याच वेळात तोच पृष्ठभाग गुळगुळीत वाटू लागतो. या अवधीत लाळेतील प्रथिनांनी दातावर एक अतिसूक्ष्म पापुद्रा पसरलेला असतो. दात फुटतानाच त्याच्यावर असणाऱ्या जन्मजात आवरणाहून हा पापुद्रा वेगळा आहे. म्हणूनच १९६३ मध्ये डॉज, जेन्किन्स व टॉन्ज या संशोधकांनी दातावरील आवरणांच्या नावांची पद्धतशीर मांडणी केली, तेव्हा याला 'नंतर प्राप्त झालेले पटल' असे नाव दिले. या लेखात आपण त्याला 'लाळपटल' म्हणू.

लाळपटल बनण्याची सुरुवात काही सेकंदांतच होते. दंतवल्काच्या पृष्ठभागावर कॅल्शियमचे धनभारित कण असतात. स्टॅथेरिनच्या साखळीच्या आरंभी फॉस्फेट जडलेले आणि म्हणून ऋणभारित असे दुवे असतात. परस्परविरोधी विद्युतभार एकमेकांकडे ओढले जातात आणि प्रथिनाचे टोक दंतवल्काला घट्ट चिकटते. जमीन धरून ठेवणाऱ्या गवताप्रमाणे ही पहिली प्रथिने पाया रोवतात. त्यानंतर त्यांच्यावर इतर प्रथिने येऊन बसतात. लाळेला बुळबुळीतपणा देणारे म्यूसिन, पिठूळ पदार्थ पचविणारे अमायलेज, जंतूंच्या आवरणावर घाव घालणारे लायसोझाइम, बुरशीला रोखणारे हिस्टॅटिन आणि रोगप्रतिकारक प्रतिपिंडे हे त्यांतील प्रमुख घटक होत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या पटलात १३० वेगवेगळी प्रथिने आढळली.

पहिल्या काही मिनिटांत या थराची जाडी केवळ १० ते २० नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पुढील काही तासांत दातावरील जागेनुसार ती वाढत शंभर ते हजार नॅनोमीटरपर्यंत जाते. तरीही आपल्या डोक्याच्या केसाच्या तुलनेत तो कितीतरी पटींनी पातळच राहतो. एवढ्या विरळ वस्त्रावर एवढ्या कठीण दाताचे रक्षण अवलंबून असावे, हे सृष्टीचे एक आश्चर्यच होय.

कवचाचे कार्य आणि त्याची सीमा

लाळपटल मुख्यतः तीन कामे करते. पहिले काम वंगणाचे. भाकरी चावताना दातावर दात घासला जातो, तेव्हा हा थर झीज कमी करतो. दुसरे काम चाळणीचे. आम्ल दंतवल्कापर्यंत पोहोचण्याचा वेग तो मंदावतो आणि विरघळलेले खनिज लगेच वाहून जाऊ देत नाही. तिसरे काम डागडुजीस साहाय्य करण्याचे. आम्लाचा जोर ओसरला की लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट पुन्हा दंतवल्कात शिरू शकतात.

मात्र हे कवच अभेद्य नाही. तोंडातील काही जंतूंना याच प्रथिनांचा आधार मिळतो. प्रोलीनयुक्त प्रथिने दाताला चिकटताना आपला आकार किंचित बदलतात आणि त्यांचा एरवी झाकलेला भाग उघडा पडतो. काही जंतू नेमके त्याच भागाला धरून बसतात. त्यांच्यामागून इतर जंतू येतात आणि कीटण साचू लागते. म्हणजे लाळपटल हे उपकारक, तर त्यावर वसणारे कीटण हे अपायकारक. ब्रशने घासणे हे कीटण काढण्यासाठीच असते. त्या घासण्यात पटलाचा काही भाग निघून गेला तरी चिंता नको. लाळ ते लगोलग पुन्हा विणते. अर्थात, त्यासाठी तोंडात लाळ असावी लागते.

आपल्या भागातील सवयी

चहाने किंवा पानाच्या काताने दात रंगतात, तेव्हा पुष्कळदा तो रंग दंतवल्काला नव्हे, तर पटलातील प्रथिनांना धरलेला असतो. हा डाग घालविण्यासाठी राख, विटेची पूड किंवा कोळसा वापरणे चुकीचे आहे. डागाबरोबर दंतवल्कही झिजते आणि ते परत येत नाही.

मिसरीविषयी विशेष सांगितले पाहिजे. मिसरीने दात बळकट होतात, ठणका थांबतो, अशी समजूत अनेक घरांतील माता-भगिनींमध्ये आहे. वस्तुतः मिसरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. ती दात झिजवते, व्यसन जडवते आणि तोंडाच्या कर्करोगास निमंत्रण देते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ व्यक्ती धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होत्या. म्हणजे जवळपास दर चार जणांत एक. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी तंबाखू, चुना आणि सुपारी यांची सवय गावोगाव टिकून आहे. सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड पुरेसे उघडेनासे होते. मग दात घासणेही कठीण आणि दातांवर उपचार करणे त्याहून कठीण होते.

लाळ आटते तेव्हा

तोंड, घसा किंवा स्वरयंत्र यांच्या कर्करोगात पुष्कळ रुग्णांना किरणोपचार घ्यावे लागतात. आपले लोक यालाच 'शेक घेणे' म्हणतात. साधारण सहा ते सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस हे उपचार चालतात आणि एकूण मात्रा बहुधा ६० ते ७० ग्रे इतकी असते. कर्करोगाच्या पेशींबरोबर वाटेत येणाऱ्या लाळग्रंथींनाही किरणांची झळ लागते. कानासमोरील ग्रंथी विशेष नाजूक असते. तिला मिळणारी सरासरी मात्रा सुमारे २६ ग्रेच्या वर गेली, तर तिचे कार्य पूर्ववत होण्याची आशा बरीच कमी होते. लाळ कमी होण्यास पहिल्या आठवड्यातच सुरुवात होते. उरलेली लाळ घट्ट, चिकट बनते.

येथे आपण पूर्वी पाहिलेली सर्व साखळी तुटते. पटल विणण्यासाठी पुरेशी ताजी लाळ नाही, आम्लाचा जोर मोडण्यासाठी बायकार्बोनेट नाही, डागडुजीसाठी खनिज नाही. काही महिन्यांतच दात किडू लागतात. ही कीड नेहमीपेक्षा निराळी असते. ती हिरडीलगत, दाताच्या मानेभोवती कडे घातल्यासारखी पसरते. खालचे पुढचे दात एरवी सहसा किडत नाहीत, कारण जबड्याखालील ग्रंथींची लाळ त्यांच्यामागेच उतरते. लाळ आटल्यावर तेही सुटत नाहीत. दात मानेशी पोखरून अखेरीस मोडून पडतात.

यापुढील धोका अधिक गंभीर आहे. किरणांमुळे जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा घटलेला असतो. अशा वेळी किडलेला दात काढला, तर जखम भरून न येता हाड सडण्याची भीती असते. कर्करोगातून वाचलेल्या माणसाने दाताच्या दुखण्याने जेवण सोडावे, ही केवढी दुर्दैवाची गोष्ट. आणि या दुर्दैवाचा मोठा भाग टाळता येण्याजोगा आहे.

टाटा रुग्णालयातील एक अभ्यास

लाळग्रंथी वाचविण्याचे प्रयत्न आपल्याच राज्यात झाले आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील डॉ. तेजपाल गुप्ता व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डोके व मान या भागांतील कर्करोगाच्या ६० रुग्णांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला त्रिमितीय पद्धतीने, तर दुसऱ्याला किरणांची तीव्रता जागेनुसार कमी-जास्त करणाऱ्या नव्या पद्धतीने उपचार देण्यात आले. उपचारकाळात लाळग्रंथींना मध्यम किंवा त्याहून तीव्र त्रास झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८९ टक्के, तर दुसऱ्या गटात ५९ टक्के होते. सुधारणा निश्चितच मोठी आहे. परंतु नव्या पद्धतीतही निम्म्याहून अधिक रुग्णांना हा त्रास झाला, हेही तेवढेच खरे. यंत्र कितीही प्रगत असले, तरी दातांची काळजी स्वतंत्रपणे घ्यावीच लागते.

नातेवाइकांनी काय करावे

निदान झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचे दिवस घरात धावपळीचे असतात. पैशांची जुळवाजुळव, कागदपत्रे, मुंबईला राहण्याची सोय. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. या गडबडीत दातांची आठवण कोणालाही होत नाही. आणि नेमके तेच दिवस दातांसाठी मोलाचे असतात. ही तपासणी मोठ्या शहरातच करावी लागते असेही नाही. ती आपल्या गावाजवळच्या दंतवैद्यांकडे होऊ शकते.

१. किरणोपचार ठरताच, ते सुरू होण्यापूर्वी दंतवैद्यांकडून संपूर्ण तोंड तपासून घ्यावे. काढावयाचे दात आधीच काढावेत. जखम भरण्यास साधारण दोन ते तीन आठवडे मिळावेत. मात्र त्यासाठी कर्करोगाचा उपचार लांबणीवर पडू नये म्हणून दोन्ही डॉक्टरांचा परस्परांशी विचारविनिमय घडवून आणावा.

२. दंतवैद्यांच्या सल्ल्याने दातांच्या मापाचे मऊ साचे करून घ्यावेत. त्यांत अधिक मात्रेचे फ्लोराइड जेल घालून ते रोज काही मिनिटे दातांवर ठेवावे. लाळेचे संरक्षण गेल्यावर फ्लोराइड हा दंतवल्काचा मोठा आधार ठरतो. लाळ कमी राहील तोवर, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत आयुष्यभर, हा नेम पाळावा.

३. तोंड कोरडे पडते म्हणून रुग्णाला खडीसाखर किंवा लिमलेटच्या गोळ्या चघळावयास देऊ नयेत. यामागील माया खरी असली, तरी लाळेविना राहिलेल्या दातांना साखर ही विषासमान आहे. थोडे थोडे पाणी वारंवार पाजावे. बाजारात मिळणारी मद्यार्कयुक्त चूळद्रव्ये टाळावीत.

४. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ घालून दिवसातून अनेक वेळा चुळा भराव्यात. मऊ ब्रशने रोज दोन वेळा दात घासावेत. रात्रीचे घासणे कधीही चुकवू नये.

५. किरणोपचार झाल्यानंतर, वर्षे लोटली तरी, दात काढण्याचा प्रसंग आला तर दंतवैद्यांना पूर्वीच्या उपचारांची कागदपत्रे अवश्य दाखवावीत.

६. तंबाखू, मिसरी, सुपारी पूर्णतः बंद करावी. घरातील इतरांनीही ती सोडल्यास रुग्णाला बळ मिळते.

इतरांसाठीही

लाळ केवळ किरणोपचारानेच कमी होते असे नाही. मधुमेह, तसेच रक्तदाब, नैराश्य व ॲलर्जी यांवरील काही औषधे यांमुळेही तोंड कोरडे पडते. घरातील वडीलधाऱ्यांना रात्री वारंवार पाणी प्यावेसे वाटत असेल किंवा कोरडी भाकरी घशाखाली उतरत नसेल, तर तसे डॉक्टरांना सांगावे. औषध मात्र आपणहून बंद करू नये. आपल्या खानदेशात वैशाखातील पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. शेतात किंवा उन्हात राबणाऱ्याच्या शरीरातील पाणी घटले की लाळही घटते. अशा वेळी तहान गोड शीतपेयांऐवजी पाण्याने वा ताकाने भागवावी. लिंबू, चिंच यांसारखे आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी. लगेच ब्रश न करता लाळेला तिचे काम करण्यास थोडा अवधी द्यावा. तान्ह्या मुलाला तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपवू नये, कारण झोपेत लाळेचा पहारा नसतो.

शेवटी देणगीदार व विश्वस्तांसाठी एक निवेदन. किरणोपचाराचे यंत्र उभारण्यास कोट्यवधी रुपये लागतात आणि ते उभे राहिले की सर्वांना दिसते. किरणोपचारापूर्वीची दंततपासणी, दातांच्या मापाचा एक साचा आणि फ्लोराइड जेलची एक नळी यांचा खर्च त्यापुढे नगण्य आहे आणि त्याचे फळ डोळ्यांना दिसतही नाही. रुग्ण घरी परततो, कुटुंबासह पंगतीला बसतो, स्वतःच्या दातांनी भाकरीचा घास चावतो, एवढेच. लाळेचे ते कवचही असेच न दिसता काम करीत असते. ज्याच्या तोंडात ते उरले नाही, त्याच्यासाठी ही एक वेळची तपासणी चुकू नये, एवढी काळजी आपण सर्वांनी मिळून घेऊ या.